हिरड्यांतून रक्त येतं? मग दुखायची वाट पाहू नका

उद्या सकाळी दात घासून झाले की लगेच चूळ भरू नका. आधी थुंका आणि थुंकीकडे नीट बघा. फेसात लाल धार दिसते का? दिसत असेल तर दोष ब्रशचा नाही. अंगात उष्णताही वाढलेली नाही. तुमच्या हिरड्यांना सूज आली आहे, आणि ती आज-कालची नाही.

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. या टप्प्यावर हिरड्या पूर्ण बऱ्या होतात. पुढच्या टप्प्यावर होत नाहीत. हे आवाहन या दोन टप्प्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या तुम्हा सगळ्यांना आहे. यवतमाळ शहरातल्या तुम्हाला, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवरच्या तुम्हाला, झरी-मारेगावच्या पोडांवरच्या तुम्हाला. वणीच्या कोळसा खाणीत पाळी करून घरी येणाऱ्या भावांना आणि दिवस उजाडताच कपाशी वेचायला निघणाऱ्या मायबहिणींना.

दाढ ठणकली की आपण दवाखाना गाठतो. लवंग दाबून रात्र निघत नाही, मग जावंच लागतं. हिरड्यांचा आजार मात्र ठणकत नाही. तो वर्षानुवर्षं गुपचूप आतलं हाड खातो. एके दिवशी भाकरीचा तुकडा तोडताना दात हलल्यासारखा वाटतो आणि तेव्हा माणूस डॉक्टरांपुढे बसतो. तोवर हाड अर्धं गेलेलं असतं.

2017 चा हंगाम तुम्ही विसरला नसाल. कपाशीचं बोंड वरून हिरवंगार, टणक. फुटलं तेव्हा कळलं की आत सरकी खाल्लेली आणि कापूस किडका. गुलाबी बोंडअळी आत शिरते तेव्हाचं भोक बुजून जातं, म्हणून शेताच्या धुऱ्यावर उभं राहून पीक चांगलंच दिसतं. हिरड्यांचं अगदी तसंच आहे. बोंडअळी कळावी म्हणून आपण कामगंध सापळे लावायला शिकलो. हिरडीसाठी सापळा लावावा लागत नाही. ती स्वतःच रक्त दाखवून सांगते. तिचं ऐका.

आता हे वाचता वाचताच एक करा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, मुळाशी फिरवा. गुळगुळीत लागतंय की खरबरीत? जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. दातांवर साठलेल्या जंतूंच्या चिकट थरात लाळेतला चुना बसतो आणि थोड्याच दिवसांत त्याचा दगड होतो. हीच ती कीट. वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूलाही ती अशीच जमते, कारण गालातल्या ग्रंथीची लाळ तिथे पडते. ओला थर ब्रशने निघतो. दगड झाल्यावर कोणताही ब्रश, कोणतंही मंजन, मीठ, राख, कोळसा, बाभळीची काडी त्याला हलवू शकत नाही. तो काढावा लागतो डॉक्टरांच्याच हातून.

खरबरीत लागलं ना? मग आरशासमोर जा आणि ओठ उलटून बघा. निरोगी हिरडी फिकट गुलाबी किंवा सावळी असते आणि दाताला घट्ट बिलगलेली असते. आजारी हिरडी लालबुंद, फुगीर, चकचकीत दिसते. दात पूर्वीपेक्षा लांब वाटतात का? पुढच्या दोन दातांत नवी फट पडली आहे का? बोटाने दाबल्यावर पू येतो का? तोंडाला सतत वास येतो आणि घरची माणसं संकोचाने बोलत नाहीत, असं तर नाही ना? यातलं एकही लक्षण असेल तर हा महिना सोडू नका. दात हलत असेल किंवा पू येत असेल तर हा आठवडाही सोडू नका.

"माझा एकही दात किडलेला नाही, मला काय धाड भरली?" असं म्हणणारे काकाजी प्रत्येक गावात आहेत. त्यांना एक हकीकत सांगा. 1970 साली हॅराल्ड लो नावाच्या नॉर्वेजियन दंतशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी श्रीलंकेच्या चहाच्या मळ्यांत 480 मजुरांचे दात तपासायला सुरुवात केली. या लोकांना ना ब्रश ठाऊक होता, ना दातांचा डॉक्टर. 15 वर्षं पुन्हा पुन्हा तपासणी झाली. त्यांचे दात जवळजवळ किडलेलेच नव्हते. पण सगळ्यांच्या दातांवर कीट होती आणि हिरड्या सुजलेल्या होत्या. शंभरांतल्या 11 जणांचा आजार सुजेपुढे गेला नाही. 81 जणांचं हाड हळूहळू झिजत गेलं. उरलेल्या 8 जणांचे मात्र पस्तिशीपर्यंत 12 दात गेले, चाळिशीपर्यंत 20, आणि पंचेचाळिशीत तोंडात एकही उरला नाही. न किडलेले, धडधाकट दात, केवळ आधार गेल्याने पडले.

तुम्ही त्या 11 जणांतले की 8 जणांतले, हे आरशात बघून सांगता येत नाही. म्हणून जुगार खेळू नका. तपासून घ्या.

याच लो यांचा एक आधीचा प्रयोग मला जास्त धीर देणारा वाटतो. 1965 साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना, त्यातले बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा दात घासायला लावलं. आठवडाभरात सूज उतरली. म्हणजे बिघडायला तीन आठवडे पुरतात आणि सुधारायला एक. मात्र ही सोपी वाट दगड साचण्याआधीची आणि हाड जाण्याआधीची. दगड असेल तर आधी सफाई, मग ब्रश. हाड गेलं असेल तर ते फारसं परत येत नाही. उरलेलं मात्र राखता येतं. तुमचं वय साठ असलं, चार दात गेले असले, तरी उरलेल्यांसाठी जा. उशीर झाला म्हणून घरी बसू नका.

सफाईची धास्ती घेऊ नका. खुर्चीत मागे रेलून बसायचं. यंत्राचं एक बारीक, वाकडं टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं आणि त्यातून पाण्याचा फवारा येतो. ते टोक दात खरवडत नाही, त्याच्या थरथरीने दगड सुटतो. तोंडात जमलेलं पाणी नळी ओढून घेते. खालच्या दातांमागून तपकिरी-पिवळी खपली सुटते आणि ताटलीत टक्कन पडते. ती बघायला मागा, लाजू नका. एवढा दगड आपण तोंडात बाळगून होतो हे डोळ्यांनी पाहिलं की रात्रीचा ब्रश चुकत नाही. नंतर डॉक्टर एका बारीक सळईने दात आणि हिरडी यांमधली खोली मोजतात. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. 4 किंवा जास्त असेल तर आजार आत उतरलेला आहे. तेव्हा हिरडीखालून मुळापर्यंत सफाई लागते. बहुधा जागा बधिर करून, एकाहून जास्त वेळा बोलावून ती करतात. मध्येच सोडू नका.

"सफाई केली की दात हलायला लागतात", हे वाक्य आपल्या जिल्ह्यात चहाच्या प्रत्येक टपरीवर ऐकायला मिळतं. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं टिकलं. दात आधीच हललेले असतात. दगडाने त्यांना एकमेकांना जखडून ठेवलेलं असतं. दगड निघाला की हलणं उघडं पडतं. गार पाणी चार-आठ दिवस झिणझिणतं, कारण झाकलेलं मूळ मोकळं झालेलं असतं. फटी दिसतात, कारण तिथे भरलेली घाण गेलेली असते. दात पातळ झालेला नसतो. दगड ठेवून दात वाचत नाही, तो आतल्या आत जातो.

आता खर्ऱ्याबद्दल. इथे मी गोड बोलणार नाही.

सुपारीचा भुगा, तंबाखू, चुना. पानठेल्यावर पन्नीत घेऊन घोटायचं, पुडी बांधायची, खिशात टाकायची. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण घोटणारा हात थांबला नाही. 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक धूर न काढता ती तोंडात धरणारे. म्हणजे चार जणांच्या घरात एक. तो तुमचा थोरला भाऊ असेल, नवरा असेल, बारावीतला पोरगा असेल. जिथे गोळा दाबून ठेवतात तिथली हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडं पडतं. सुपारीने गालाची आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होत जाते. तोंड उघडेनासं होतं. तिखट सोसत नाही. घास मोठा घेता येत नाही. आणि मग दात साफ करायचं यंत्रही आत जात नाही. बिडी ओढणाऱ्याची गत आणखी वेगळी. धुराने हिरडीतला रक्तपुरवठा आखडतो, त्यामुळे आजार असूनही रक्त येत नाही. तो समजतो, सगळं ठीक आहे. आवाहनाच्या पहिल्याच ओळीतली थुंकीची परीक्षा बिडीवाल्याला फसवते. त्याने रक्ताची वाटच बघू नये, सरळ तपासायला जावं.

घरातल्या खर्रा खाणाऱ्याला आज जेवताना एवढंच म्हणा, तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत घाल. जात नसतील तर त्याला ओरडू नका. दवाखान्यात न्या. गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर उद्याच न्या. दात साफ करायला गेलेल्याचं तोंड कुणीतरी दिव्याखाली, आरसा घालून पूर्ण बघतं. मला विचाराल तर सफाईइतकाच हाही लाभ मोठा आहे. कॅन्सरचा चट्टा वेळेत दिसणं म्हणजे घरचा कर्ता माणूस घरात राहणं. आणि तुमच्या सासूबाई दातांना तपकीर किंवा मशेरी लावत असतील तर त्यांनाही सोबत घ्या. "आमचं आता काय उरलंय" म्हणतील. ऐकू नका.

शुगर असलेल्यांनी पुढचं जरा सावकाश वाचा. शुगर ताब्यात नसेल तर हिरड्यांच्या गंभीर आजाराचा धोका सुमारे तिप्पट होतो. आणि उलटंही होतं. हिरड्यांची सूज शुगर खाली येऊ देत नाही. गोळी चालू, भात बंद, सकाळी चालणं चालू, तरी आकडा वरच? तोंड तपासलंय का? हिरड्यांचा उपचार केल्यावर तीन महिन्यांची शुगर सरासरी सुमारे 0.4 टक्के-अंकांनी उतरते, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. गोळ्या सोडायला हे कारण नव्हे. पण तोंड सोडायलाही नव्हे.

आणि घरात सून किंवा लेक पोटुशी असेल तर? त्या दिवसांत शरीरातल्या बदलांमुळे हिरड्या लवकर सुजतात, रक्त सहज येतं. "बाळंत झाल्यावर बघू" म्हणू नका. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचारासाठी सोयीचा असतो. आशाताई तपासणीला घेऊन जातील त्याच दिवशी दातांचीही तपासणी करून घ्या. डॉक्टरांना दिवस गेल्याचं आधी सांगा. तसंच बीपीची, हृदयाची किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालं असेल, घरात सिकलसेल असेल, तर तेही पहिल्यांदाच सांगा. शुगरवाल्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. जेवून, गोळी घेऊन जावं.

कुठे जायचं? यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि दंतविभाग विचारा. पुसद, दारव्हा, पांढरकवडा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत. बाकी तालुक्यांत ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात, यंत्र चालू आहे का, हे आधी फोनवर विचारा म्हणजे रोज बुडणार नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. आजार खोल गेला असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला शरद पवार दंत महाविद्यालय आहे, अमरावतीलाही आहे. उमरखेड-महागावकरांना नांदेड जवळ पडतं. अशा ठिकाणी शिकणारी मुलं सफाई करतात आणि शिक्षक तपासतात. वेळ जास्त लागतो, पण काम बारकाईनं होतं. डबा घेऊन जा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. खासगी दवाखान्यात जात असाल तर खर्च आधी विचारा, त्यात कमीपणा नाही. आणि खर्ऱ्याच्या महिन्याच्या खर्चाशी त्याची तुलना तुमची तुम्हीच करा.

जत्रेत, बाजारात पाल टाकून दात चमकवून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. कसलं तरी तेजाबी पाणी लावून ते वरचा थर उडवतात आणि दात दोन दिवस पांढरा दिसतो. घरी लिंबू-सोडा घासणंही तसलंच.

केळापूर, झरी आणि वणीकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणापासून ते पाणी प्यालेल्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात. ते दाताच्या आतले डाग आहेत. विटेच्या भुकटीने जात नाहीत आणि सफाईनेही जात नाहीत. पोरांना त्यावरून बोलू नका, त्यांचा काही दोष नाही. त्या डागांमुळे "आमचे दात असेच" म्हणून हिरड्यांकडे बघायचं टाळूही नका. डाग एक, कीट दुसरी.

सफाई झाली म्हणजे काम झालं असं नाही. चोवीस तासांत थर पुन्हा बसायला लागतो. म्हणून रात्री झोपण्याआधी घासा. एकदाच घासणार असाल तर सकाळऐवजी रात्री घासा. मऊ ब्रश घ्या, तिरका धरा, केस हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे टेकवा आणि हलक्या हाताने दोन मिनिटं फिरवा. सुरुवातीला रक्त येईल. रक्त येतं म्हणून तिथे घासणं सोडू नका, तिथेच घासायची गरज आहे. कडुनिंबाची काडी आवडत असेल तर चावून टोक मऊ करा, पण दातांच्या फटींत ती जात नाही हे लक्षात ठेवा. तीन महिन्यांनी ब्रश बदला. पोरांच्या ब्रशवर वाटाण्याएवढीच पेस्ट.

ज्यांच्या हिरड्या निरोगी आहेत, ज्यांना तंबाखू नाही, शुगर नाही, त्यांनी दर सहा महिन्यांनी सफाई केलीच पाहिजे असा माझा आग्रह नाही. त्यांनी वर्षातून एकदा दाखवावं. हे सगळं तळमळीनं सांगतोय ते रक्त येणाऱ्यांना, खर्रेवाल्यांना, शुगरवाल्यांना. तुम्हाला दर तीन-चार महिन्यांनीही बोलावतील. जा.

1 ऑगस्टला देशभर मौखिक स्वच्छता दिन पाळतात, भारतातल्या हिरड्यातज्ज्ञांच्या संस्थेचे संस्थापक डॉ. जी. बी. शंकवाळकर यांच्या स्मरणार्थ. 20 मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो. शाळांत, दवाखान्यांत शिबिरं होतात. शिबिर तुमच्या गावात आलं तर सगळी गल्ली गोळा करून न्या. सरपंच असाल तर ग्रामसभेत विषय काढा, दातांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडा. बचत गटात असाल तर पुढच्या बैठकीत प्रत्येकीला जीभ फिरवून बघायला सांगा. गुरुजी असाल तर शाळेच्या फाटकासमोरच्या ठेल्याकडे एकदा जाऊन या. पण त्या तारखांची वाट बघत बसू नका.

वेचणी आहे, निंदण आहे, लग्नसराई आहे, पोरांच्या परीक्षा आहेत. मोकळा दिवस कधीच सापडणार नाही, तो काढावा लागेल. आज रात्री घरातल्या प्रत्येकाचं तोंड एकदा बॅटरीच्या उजेडात बघा. ज्याच्या हिरड्या सर्वांत जास्त सुजल्या आहेत, ज्याला शुगर आहे, ज्याची तीन बोटं जात नाहीत, त्याचा नंबर पहिला. येत्या आठवड्यातला एक वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा, सकाळी दवाखान्यात फोन लावा आणि त्याला घेऊन पहिल्या एसटीने निघा.